दस्तगीरचाचांचा उजवा कान

कोल्हापूरच्या उद्यमनगरात शांतता कशी असते, असं कुणी विचारलं तर मी सांगू शकते, कारण ती मी ऐकलेली आहे. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, आणि तीही दहा मिनिटंच. आमच्या शेडमधले लेथ, मिलिंग, ग्राइंडर सगळे बंद. कंप्रेसर बंद. वरचे पंखेसुद्धा बंद. मग दस्तगीरचाचा शेजारच्या शेडच्या दारात जाऊन उभे राहायचे आणि तिथल्या पॉवर प्रेसवाल्याला हात जोडायचे. तो तोंडाचा फाटका. "निजवा निजवा, तुमचं बाळ निजवा," असं ओरडून तो प्रेस बंद करायचा. त्या दहा मिनिटांत रस्त्यापलीकडच्या झाडावरचा कावळासुद्धा ऐकू यायचा.

मी या शेडमध्ये ड्रॉइंग तपासते आणि टेस्ट रिपोर्टवर सही करते. चौदा वर्षं झाली. घरी दोन मुलं कॉलेजात आहेत, तरी चाचा मला पोरी म्हणायचे. 'म्हणायचे' असं लिहिलं आणि अंगावर काटा आला. म्हणतात. चाचा मला पोरी म्हणतात.

आम्ही बनवतो ते प्रेशर व्हेसल, म्हणजे जबर दाब पोटात धरून ठेवणारी पोलादी भांडी. शेडमध्ये त्यांना कुणी व्हेसल म्हणत नाही, डबा म्हणतात. डबा तयार झाला की आधी पाण्यानं दाब देऊन बघायचा, मग नायट्रोजन भरून. नायट्रोजन भरला की चाचा सगळ्यांना बाहेर पिटाळायचे आणि आपली हत्यारं काढायचे. हत्यारं म्हणजे काय, तर एक हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर, त्यांच्या वडिलांचा, लाकडी मुठीचा. टोक डब्याच्या सांध्यावर, मूठ उजव्या कानावर, डोळे मिटलेले. "बोला, पावणं," असं डब्याला म्हणायचं आणि ऐकत राहायचं. दाब दाखवणारा काटा समोर असताना हे कशाला, असं मी नवी असताना विचारलं होतं.

"काटा हलायच्या आधी डबा बोलतो," चाचा म्हणाले. "काटा सायबासाठी हाय. सायबाला दिसाय पायजे की काय तरी."

डाव्या कानात त्यांच्या कायम अत्तराचा फाया असे. उजवा कान कामाचा. त्यात फाया नाही, तेल नाही, मोबाईलसुद्धा कधी त्या कानाला लावला नाही. कसबा बावड्याहून सायकलनं यायचे, तेव्हा डोक्याला मफलर बांधून उजवी बाजू तेवढी झाकायचे. गडी उन्हाळ्यातही मफलर घालतो म्हणून सगळे चेष्टा करायचे. चाचांना त्याचं काही नसे.

एकदा मी स्कूटर लावत होते तर ते फाटकातूनच ओरडले, "पोरी, फुडच्या चाकाचं बेरिंग गेलंय." स्कूटर नवी होती आणि माझा ताठाही नवा होता. मी मान हलवली आणि विसरले. चौथ्या दिवशी भर रस्त्यात चाक असं अडकलं की मी पडता पडता वाचले. चाचा सायकलवरून मागून येत होते. उतरले, स्कूटर कडेला घेतली, आणि एवढंच म्हणाले, "मला ऐकू येतंय म्हणून काय उपेग? ऐकणाऱ्यानं सांगाय पायजे, आन् ज्याला सांगितलं त्यानं ऐकाय पायजे." त्याचं त्या दिवशी मला हसू आलं होतं.

त्यांचा आणखी एक नेम होता, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. डबा पास झाला की ते त्यावर पंचनं 'द' उमटवायचे. हातोड्याचा एकच घाव. आणि ज्या डब्यावर 'द' आहे तो पहिल्यांदा दाबानं भरून उघडायचा असेल, तिथं चाचा जाणार. साखर कारखाना असो की पुण्याची लॅब. सगळ्यांना मागं सरायला लावून डब्याजवळ एकटे उभे राहणार आणि व्हॉल्व्ह स्वतःच्या हातानं फिरवणार. मालक म्हणायचे, "अहो, कशाला तडमडता? त्यांची माणसं हायत की." चाचा म्हणायचे, "छाप माझा हाय, तर थोबाड बी माझंच फुडं पायजे."

सहाएक वर्षांपूर्वी एका सरकारी संस्थेकडून काम आलं. नायडू म्हणून शास्त्रज्ञ आले होते, साधा माणूस, खिशाला चार पेनं. त्यांनी चाचांना समोर बसवून हिंदीत समजावलं. बंगालच्या उपसागरात, तळाच्याही खाली, गाळामध्ये थंडी आणि दाब इतका असतो की तिथला बर्फ वायूला आपल्या पोटात कोंडून घेतो. मिथेन हायड्रेट. तो बर्फ वर आणायचा तर तळावरचा दाबही बरोबर आणावा लागतो, कारण दाब सुटला की बर्फ विरतो आणि आतला वायू दीडशेपटीहून जास्त जागा मागतो. म्हणून गाळाचा नमुना तळाखालीच डब्यात घ्यायचा, तिथंच व्हॉल्व्ह बंद करायचा आणि मग वर ओढायचा. देशाला पुढची कित्येक वर्षं पुरेल एवढा वायू तिथं असेल, असं म्हणताना नायडूंचे डोळे चमकत होते.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे कुकर भरलेला हाय. आपण फकस्त झाकण सांभाळायचं."

पहिले डबे गेले तेव्हा नेमाप्रमाणे चाचाही जहाजावर गेले. सबंध आयुष्यात समुद्र पाहिलेला नव्हता. तीन आठवड्यांनी परत आले ते काळवंडून आणि गप्प होऊन. आम्ही सगळे भोवती जमलो. त्यांनी सांगितलं: करड्या चिखलात पांढरे खडे होते, खडीसाखरेसारखे. नायडूंनी एक खडा चिमट्यात धरून काडी लावली. खडा पेटला. वरून जळतोय आणि खालून पाणी गळतंय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले.

"तुमी काय केलं, चाचा?"

"म्या एक खडा कानाला लावला."

"काय ऐकू आलं?"

"चुरचुरतंय. कायतरी जागं होतंय बघ, तसं." मग म्हणाले, "न्हाय आवडलं मला."

त्यांना काय आवडलं नव्हतं ते हळूहळू कळलं. हा बर्फ नुसता चिखलात पडलेला नाही, त्यानंच चिखल धरून ठेवला आहे, हे त्यांनी हातात घेऊन पाहिलं होतं. खडा विरला की भोवतीचा गाळ बोटांतून ओघळायचा. आणि पुढची योजना त्यांनी जहाजावरच ऐकली होती. तळाखाली भोक पाडायचं, तिथलं पाणी पंपानं उपसायचं, म्हणजे दाब उतरेल, बर्फ विरेल आणि वायू आपोआप वर येईल. चाचांनी नायडूंना विचारलं, ते काढून घेतल्यावर वरचा गाळ कशावर उभा राहणार? नायडू म्हणाले, "वही तो देखना है, चाचा."

"बगायचं हाय म्हणं," चाचा मला सांगत होते. "आमच्या बावड्यात एकानं विहिरीला मोठी मोटर लावली. पाणी वडतोय, वडतोय. पाण्यातनं वाळू याय लागली. माझा बाप म्हणला, वाळू आली, बंद कर. तो म्हणला, बगू की. सकाळी विहिरीचं कडं बसलेलं आन् मोटर गाडलेली. विहीर हुती म्हणून भागलं. हितं वर अख्खा दर्या हाय."

मी तेव्हा त्यांची समजूत घातली. शिकलेली माणसं आहेत, विचार करूनच करत असतील, असं काहीबाही बोलले. आता ते आठवलं की माझीच मला चीड येते.

मग तो सातवा डबा. दसऱ्याच्या मुहूर्तावर माल रवाना करायचा अशी मालकांच्या वडिलांपासूनची रीत. खंडेनवमीला शेडमध्ये सगळ्या मशिनींची पूजा होते, आणि तिची तयारी इतकी वर्षं चाचाच करत आले. झेंडूच्या माळा लेथला बांधणं, नारळ सोलणं, सगळं. त्या वर्षी सातवा डबा पास होऊन तयार होता, फक्त 'द' उमटवायचा राहिला होता. मालकांच्या पत्नीनं, आमच्या वैनीसाहेबांनी, मोठ्या भक्तीनं त्याला हळदकुंकू वाहिलं आणि मूठभर अक्षता टाकल्या. व्हॉल्व्हचं तोंड उघडं होतं. एक दाणा आत गेला. तो फक्त चाचांनी पाहिला.

व्हॉल्व्ह खोलून, पुसून, सील बदलून पुन्हा टेस्ट घ्यायला अर्धा दिवस गेला असता. चाचांनी काय केलं? कापडानं बाहेरून पुसलं, आणि पंच मारला.

हे मला त्यांनी फार नंतर सांगितलं. तोवर जहाजावर व्हायचं ते होऊन गेलं होतं. समुद्रातून वर आलेला सातवा डबा डेकवर धरला होता. चाचांनी सगळ्यांना मागं सरकवलं, व्हॉल्व्हला हात लावला, आणि त्याच क्षणी त्या दाण्यानं ओरखडलेलं सील सुटलं. गाळ, पाणी आणि वायू त्यांच्या डोक्याशेजारून तोफेसारखा गेला. बाकी कुणाला खरचटलंही नाही. चाचांचे दोन्ही कान गेले. रिपोर्टात 'सील निकामी' एवढंच आलं.

सांगताना त्यांनी मला ऑफिसचं दार लावायला लावलं. पण स्वतःचा आवाज किती मोठा होतोय हे आता त्यांना कळत नव्हतं. मी पत्र्याच्या तुकड्यावर खडूनं 'हळू' असं लिहून समोर धरलं.

"तवाच का नाही बोललात?" मी लिहिलं.

त्यांनी ते वाचलं आणि माझ्याकडं बघितलं. "वैनीसायबांनी हातानं अक्षता टाकल्यात. पूजा झालेला डबा परत खोला म्हणून मी सांगायचं? मी?" त्या वर्षी गावातली हवा जरा गढूळच होती. चाचांच्या गल्लीतल्या बायका संध्याकाळी लवकर दारं लावून घेत होत्या. वैनीसाहेब एका शब्दानंही काही म्हणाल्या नसत्या, हे मलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही. तरी ते बोलले नाहीत. "माझ्या जिभेनं माझं कान खाल्लं, पोरी," असं म्हणून ते हसले. मला मात्र तिथं बसून रडू आलं.

त्यानंतर उजव्या कानातही अत्तराचा फाया आला. आता काहीच ऐकू येत नाही का, असं मी एकदा लिहून विचारलं. "एक येतं की. तेच चुरचुर. दिवसभर येतं. त्यो खडा आत बसलाय माझ्या." बोलणं आणखी मोठ्यानं झालं, पण कोल्हापुरात कुणाचा आवाज वाढलाय हे लक्षात यायला वेळ लागतो. नवे लोक त्यांना नुसते तापट समजायचे.

मालकांनी त्यांना घरी बसवलं नाही, हे त्यांचं मोठेपण. आणि चाचांनी मला धरलं. "आता तू माझा कान." स्क्रूड्रायव्हर माझ्या हाती आला. दोन वर्षं त्यांनी मला शिकवलं. ते डब्यावर तळहात ठेवून उभे राहायचे, मी मूठ कानाला लावायची. सुरुवातीला मला सगळ्यातच आवाज यायचा, माझंच रक्त कानात वाजायचं. ते म्हणायचे, "आवाज ऐकायचा न्हाय. आवाज न्हाय, हे ऐकायचं. खात्री हुईस्तवर मान हलवायची न्हाय. मान हलली की मी पंच मारनार." मग एक दिवस मला एक गळती काट्याच्या आधी सापडली. चाचांनी सगळ्या शेडला जिलेबी वाटली. एक नेम त्यांनी मालकांकडून कबूल करून घेतला होता: पूजा आधी, टेस्ट नंतर.

गेल्या महिन्यात मोठा डबा तयार झाला. या खेपेला नुसता नमुना आणायचा नव्हता. तळाखालचं पाणी उपसून वायू खरोखरच काढायचा होता, आणि वर आलेला वायू, पाणी, वाळू, सगळं पहिल्यांदा या डब्यात शिरणार होतं. माणूस आत उभा राहील एवढा डबा. चाचा त्याच्याभोवती दोन दिवस नुसते फिरत होते. "वाळू येणार," असं एकदोनदा स्वतःशीच म्हणाले.

ट्रक फाटकात उभा होता. राहुकाळ लागायच्या आत निघायचं होतं. पूजा सकाळी लवकर व्हायची होती, पण वैनीसाहेबांना यायला उशीर झाला. नायट्रोजन भरून झाला होता, मी स्क्रूड्रायव्हर कानाला लावला होता, आणि त्या ताट घेऊन आत आल्या. मालक घड्याळ बघून म्हणाले, "मॅडम, दोनी संगंच उरकू. कुठलं तोंड उघडं न्हाय न्हवं?" तोंडं सगळी बंद होती, मी स्वतः तपासली होती. आरती सुरू झाली. घंटा, टाळ्या. शेजारचा पॉवर प्रेसही चालूच होता. त्याला हात जोडायला त्या दिवशी कुणी गेलं नव्हतं. ते आता माझं काम होतं.

चाचांचा तळहात डब्यावर. "बोला, पावणं," ते मोठ्यानं म्हणाले. आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिले. त्यांना घंटा ऐकू येत नव्हती. पूजा सकाळीच झाली असं त्यांनी धरलं होतं, आणि ती त्यांच्या पाठीमागं चालली होती. त्यांच्या लेखी शेड नेहमीसारखी शांत होती.

मला काहीतरी ऐकू आलं. किंवा घंटेचं नुसतं गुणगुणणं पोलादात उतरलं असेल. आजही मला सांगता येत नाही. काटा स्थिर होता. आरती थांबवा, प्रेस बंद करा, दहा मिनिटं द्या, एवढंच म्हणायचं होतं. चाचांना गप्प राहायला निदान कारण होतं. मला कुठलंही नव्हतं. मालक ताटकळले होते, वैनीसाहेब डोळे मिटून उभ्या होत्या, आणि भर आरतीत ओरडायचं कसं, एवढ्या भिडेपोटी मी मान हलवली.

"न्हाय?" चाचांनी विचारलं.

"न्हाय, चाचा."

"खात्री?"

मी पुन्हा मान हलवली. त्यांनी पंच ठेवला आणि हातोडा मारला. एकच घाव.

ट्रकला बंदरावर पोचायला तीन दिवस लागतात. ते तीन दिवस मी गप्प बसले. चौथ्या दिवशी मालकांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी रिपोर्ट काढून माझ्यापुढं सरकवला. "ही सही तुमचीच हाय की, मॅडम. काटा बरोबर हुता. आता काय कळवायचं मी त्यांना, आरती चालू हुती म्हणून?" नायडूंच्या ऑफिसला मी फोन केला, तर कंपनीच्या लेटरहेडवर पाठवा म्हणाले. मालकांनी लेटरहेड दिलं नाही. मी माझ्या नावानं मेल केला. उत्तर नाही. चाचांना फोन करून उपयोग नाही, त्यांना ऐकू येत नाही. मी मेसेज टाकला: "चाचा, मी त्या दिवशी नीट ऐकलं नव्हतं. डब्याजवळ उभे राहू नका. आधी परत टेस्ट घ्या." आज अठरा दिवस झाले, एकच टिक आहे. त्यांची बायको, जैतूनचाची, दर दोन दिवसांनी फोन करून विचारते, आणि समुद्रात रेंज नसते असं मी तिला सांगते.

नेमाप्रमाणे ते डब्याबरोबर गेले होते, ट्रकच्या केबिनमध्ये, ड्रायव्हरशेजारी. मांडीवर भाकरीचं फडकं, डोक्याला मफलर. आता झाकायला काही उरलं नव्हतं तरी उजवी बाजू सवयीनं झाकलेली. ट्रक फाटकातून वळताना त्यांनी मला हाक मारली. मी वर बघितलं. त्यांनी मफलर जरा बाजूला केला, कानातल्या अत्तराच्या फायावर बोट ठेवलं, मग तेच बोट माझ्याकडं केलं आणि हसले. मीही हात हलवला. मग ट्रक हायवेच्या दिशेनं गेला आणि मी आत येऊन रिपोर्टवर सही केली.